मदत हवी आहे: कॉलेजचा काउन्सेलर घरी कळवतो का?

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

थेट विचारते. कॉलेजमधल्या काउन्सेलरकडे गेलं तर तो घरी किंवा एचओडीला (विभागप्रमुखांना) कळवतो का? हो की नाही, एवढंच सांगा. भाऊ या एकाच कारणासाठी जायला तयार नाही. शोधलं तर सगळीकडे 'संवाद साधा, सकारात्मक राहा' एवढंच सापडतंय. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनीच लिहा. लवकर हवंय.

सह्यभ्रमर | ९:२२

वय किती? शहर कुठलं? कॉलेजचं नाव नको, पण शाखा सांगा. अठरा पूर्ण असतील तर उत्तर वेगळं, नसतील तर वेगळं.

जुनाजाणता | ९:३१

ताई, अनुभवाचे बोल सांगतो. १९९४ साली डिप्लोमाला मी ओळीने दोनदा नापास झालो होतो. घराबाहेर पडायची लाज वाटायची. मामांनी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला नेऊन सोडलं. पाचव्या दिवसानंतर मन हलकं झालं ते आजतागायत. फी नाही, जमेल तेवढं दान. भावाला तिकडे पाठवा, गोळ्यांच्या नादी लावू नका.

मांजराकाठ | ९:३८

एकोणीस. पुणे. इंजिनिअरिंग, सेकंड इयर. दादा, शिबिराबद्दल मी विचारलेलं नाही.

टर्मवर्क | ९:४६

मी पुण्यातल्याच एका कॉलेजात शिकवतो, म्हणून सांगतो. आधी हे बघा की त्याच्या कॉलेजात काउन्सेलर म्हणजे नक्की कोण. पुष्कळ ठिकाणी एखाद्या प्राध्यापकालाच ते जादा काम दिलेलं असतं. तेच सर सकाळी तोंडी परीक्षा घेतात आणि दुपारी 'मनमोकळं बोल' म्हणतात. मुलं कशी बोलतील? काही कॉलेजांत मात्र मानसशास्त्र शिकलेली बाहेरची व्यक्ती ठरलेल्या दिवशी येते. ती सहसा नोंदी स्वतःकडेच ठेवते.

आणि जीएफएम वेगळा. गार्डियन फॅकल्टी मेंबर हजेरी कमी झाली की घरी फोन करतो, ते त्याचं कामच आहे. मुलं या दोघांची गल्लत करतात. तुमच्या भावाचं तसं झालंय का?

मांजराकाठ | ९:५३

हो. मागच्या महिन्यात त्याचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे कमी हजेरीवाल्यांच्या यादीत आलं आणि जीएफएमने पप्पांना फोन केला. पप्पा त्याला खूप बोलले. मी लातूरला असते, मला चार दिवसांनी कळलं.

कलमकायदा | ९:५८

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. उपचार करणाऱ्याने माहिती बाहेर द्यायची नाही. जिवाला धोका असेल तर अपवाद, तोही गरजेपुरताच. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असलाच पाहिजे असं म्हटलंय. जादा काम दिलेले सर त्यात बसत नाहीत, कॉलेजला लेखी विचारा. कलम २१ सुद्धा वाचा, आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. घरच्यांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक पॉलिसी) असेल तर पॉलिसी काढून बघा.

सह्यभ्रमर | १०:०२

विम्याचं कोणी विचारलंय? त्या बिचाऱ्या भावाकडे या घडीला कोण आहे ते विचारू या आधी.

आरोही_क | १०:०७

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मांजराकाठ, कायदा आणि काउन्सेलर थोडं बाजूला ठेवू. झोपतो का? मेसला जातो का? खोलीत एकटा राहतो की कोणाबरोबर? आणि मरण्याबद्दल, नसण्याबद्दल काही बोललाय का? आडून बोललेलं असेल तरी लिहा.

जुनाजाणता | १०:१२

मॅडम, असले प्रश्न विचारून नसतं ते डोक्यात भरू नका. बहीण आधीच घाबरलेली आहे.

आरोही_क | १०:१५

काका, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. ज्याच्या मनात नाही तो 'छे' म्हणतो, ज्याच्या मनात आहे त्याला कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. विपश्यनेबद्दलही सांगते. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारतात आणि गंभीर त्रास असेल त्याला येऊ नका असंच सुचवतात. तुम्हाला फायदा झाला याचा आनंद आहे, पण या मुलाला दहा दिवस मौनात बसवायची ही वेळ नाही.

मांजराकाठ | १०:२१

कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीत एका कॉटवर राहतो, खोलीत तिघं. एक गावी गेलाय, एक आहे. महिनाभर रात्री जागाच असतो. डबा तसाच परत जातो असं रूममेट म्हणाला. रविवारी मला म्हणाला, 'तायडे, माझ्या फीसाठी पप्पांनी दोन एकर गहाण टाकलं, मी नसतो तर बरं झालं असतं.' मी त्याला रागावले, असं बोलू नको म्हटलं. काल सायकल एका मित्राला देऊन टाकली. मला वाटलं सेकंडहँड गाडी घ्यायची असेल. हे आधी लिहायला हवं होतं का? मला वाटलं परीक्षेचं टेन्शन आहे.

आरोही_क | १०:२४

आता लिहिलंत ते फार बरं केलंत. पण काउन्सेलरकडे कधी जायचं हा प्रश्न आता उरला नाही, आज रात्रीचं बघायचं आहे. रूममेटला आत्ता फोन करा. एकच सांगा, रात्रभर याला एकटं सोडायचं नाही. स्वतःला इजा करता येईल असं काही खोलीत असेल तर ते बाहेर ठेवायचं. मग भावाला फोन करा, रागावू नका, समजूतही घालू नका. सरळ विचारा, 'मरावंसं वाटतंय का?' आणि तो बोलेल ते ऐका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. तो नाही म्हणाला तर तुम्ही लावा, नातेवाइकांशीही बोलतात. काही हालचाल वेगळी वाटली तर १०८ किंवा ११२, नाहीतर सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग. घरी कळेल का, हा विचार त्या वेळी करायचा नाही.

दक्षिणकडा | १०:३०

११२ ला कळवलं की पोलिस येणार. मग केस, कॉलेजातून नाव कमी, पुढे पासपोर्टला अडचण. जरा विचार करा.

कलमकायदा | १०:३३

चुकीची माहिती देऊ नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ गृहीत धरतं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ सरसकट राहिलेलंच नाही. आणि इथं तर मुलगा फक्त बोललाय. केसच्या भीतीने लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात.

मांजराकाठ | ११:०५

बोलले. विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग हो म्हणाला आणि रडायला लागला. मी पण रडले. रूममेट शेजारीच बसलाय, फोन स्पीकरवर होता. १४४१६ ला दोघांनी मिळून लावला, अजून बोलतायत. मी साडेअकराच्या ट्रॅव्हल्सने निघतेय. आईला सांगितलं, पप्पांना नाही.

सह्यभ्रमर | ११:०९

नीट या. मी सिंहगड रोडला राहतो. रूममेटला रात्री सोबत लागली तर व्यनि (खासगी निरोप) करा, दहा मिनिटांत पोचतो.

टर्मवर्क | ११:१४

मी जागा आहे. काहीही लागलं तर लिहा. परीक्षेचं, टर्मचं मी बघतो काय करता येईल ते, ती काळजी आज डोक्यातून काढा.

मांजराकाठ | गुरुवार, संध्याकाळी ७:४०

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, माफ करा.

काल सकाळी पोचले आणि त्याला सरळ सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाच्या ओपीडीत नेलं. केसपेपरला रांग होती, दोन तास गेले. डॉक्टरांनी आधी मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने बोलावलं ते त्याला विचारून, 'यातलं ताईला काय सांगू आणि काय नको?' मंगळवारी मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर मला तिथं मिळालं. त्यालाही मिळालं बहुतेक, कारण बाहेर आल्यावर पहिल्यांदा तो स्वतःहून म्हणाला की इथं परत येईन.

गोळी सुरू केली आहे. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, मधेच बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, असं बजावलंय. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलंय. आठवड्याने परत बोलावलंय. तोवर त्याला एकटं ठेवायचं नाही, म्हणून मी रजा वाढवली आणि मावशीकडे पिंपरीला आलोय.

दोन गोष्टी अडल्यात. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आहे, टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेला बसू देणार नाहीत म्हणतात. आणि पप्पांना काय सांगू?

टर्मवर्क | ८:०२

डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्या. 'उपचार सुरू आहेत, अमुक काळ विश्रांती आवश्यक' एवढं पुरतं, आजाराचं नाव लिहायचा आग्रह धरू नका. अर्ज प्राचार्यांच्या नावे करा, ऑफिसात इनवर्ड (आवक नोंद) करून पोच घ्या, जीएफएमच्या हातात नुसता ठेवून येऊ नका. आजारपणात सवलत द्यायचा अधिकार त्यांना असतो. नाहीच दिली तर एक टर्म मागे पडेल. माझ्या वर्गात अशी मुलं दरवर्षी असतात आणि ती पास होऊन जातात. हे त्याला माझ्या नावाने सांगा.

जुनाजाणता | ८:१५

ताई, परवा मी घाईने लिहिलं. गोळी चालू ठेवा. वडिलांचं म्हणाल तर गहाण जमिनीचा विषय त्याच्यासमोर निघू देऊ नका. माझ्या वडिलांनी फीचा आकडा एकदाच काढला होता, तो मला अजून पाठ आहे.

आरोही_क | ८:३१

पप्पांना काय सांगायचं ते आधी भावालाच विचारा. त्याला स्वतः सांगायचं असेल तर तुम्ही नुसत्या शेजारी बसा. तुम्ही सांगावं असं म्हणाला तर कुठपर्यंत सांगायचं तेही त्यालाच ठरवू द्या. मात्र पप्पांना अगदीच अंधारात ठेवू नका. गोळ्या चालू आहेत आणि बोलताना जपायचंय, एवढं त्यांना कळायला हवं.

मांजराकाठ | ८:४४

जेवायला बसलाय. झालं की विचारते.