मदत हवी आहे : तिसरी-चौथीला गोष्टींतून भूगोल शिकवायचाय, गोष्टी सुचवा

नमस्कार मंडळी,

मी माण तालुक्यात (जि. सातारा) द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिसरी-चौथी एकत्रच बसते.

मागच्या आठवड्यात कागदाच्या होडीची गोष्ट वाचून दाखवली. ओढ्यात सोडलेली होडी नदीला लागते आणि समुद्राला जाते, एवढीच. संपते न संपते तोच मागून प्रश्न, "बाई, आपल्या माणगंगेत सोडली तर कुठवर जाईल?" दुसरा लगेच, "पाणी कुठाय? पुलाखालीच बसंल ती."

पुस्तक मिटलं आणि फरशीवर खडूनं नदी काढायला घेतली. म्हसवड, मग आटपाडी-सांगोल्याकडून भीमेला. भीमा कर्नाटकात कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला. फरशी संपली म्हणून समुद्र व्हरांड्यात काढला. कृष्णेचं नाव निघताच चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, "म्हंजे महाबळेश्वरचं पाणी आपल्या होडीला भेटतंय की!" नकाशाच्या तासाला हीच मुलं जांभया देतात हो.

दुसऱ्या दिवशी चूक केली. त्याच गोष्टीवर 'उगम कोठे, संगम कोठे' असे प्रश्न फळ्यावर लिहिले. वर्ग गप्प. तेव्हा पहिली अडचण हीच : गोष्टीचा प्रश्नसंच न करता नकाशापर्यंत कसं न्यायचं? तुम्ही काय करता?

दुसरी अडचण गोष्टींची. बहुतेक गोष्टींत 'एक गाव होतं, एक जंगल होतं'. ते गाव उचलून कुठंही ठेवा, काही बिघडत नाही. मला जागा बदलली की मोडेल अशी गोष्ट हवी आहे. विशेषतः पावसाची. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडं जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात हे मी सांगते, मुलं माना डोलावतात, पण पोचत नाही. समुद्र पश्चिमेला जवळ असून कृष्णा पूर्वेला का गेली, यावर काही असेल तर तेही सांगा.

'किशोर'चे जुने अंक चाळतेय. बालभारतीनं ते नेटवर मोफत ठेवलेत, कुणाला लागले तर बघा.

अजून एक. वर्गात मेंढपाळाचा मुलगा आहे. घरची माणसं मेंढ्या घेऊन कुठं मुक्काम करतात, कुठं चारा, कुठं पाणी, सगळं तोंडपाठ. त्याच्याकडून त्या वाटेची गोष्ट लिहून घ्यावी म्हणते. मुलांकडून असं पुस्तक कुणी करून घेतलंय का? चित्रं आधी की मजकूर आधी?

गोष्टीचं नाव आणि अंक किंवा प्रकाशन कळवलंत तर शाळेसाठी मागवता येईल. नदीला पाणी आलं की होडी सोडायला जायचं कबूल करून बसलेय, त्याच्या आत एखादी मिळाली तर फार बरं होईल.