लांबट भोकं: काडतुसात जादा दारू नको, बॅरलचा ट्विस्ट बघा

.223 रायफलच्या 1:12 बॅरलमधून (आतल्या खाचांचा पीळ, म्हणजे ट्विस्ट, 12 इंचांत एक फेरा घेतो) 69 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी कागदावर लांबट भोकं पाडतेय, तर काडतुसातली दारू वाढवावी का, असं एकाने विचारलंय. लांबट भोक म्हणजे गोळी उडताना स्थिर न राहता आडवी होतेय. अजिबात वाढवू नका. गोळीची स्थिरता काढायच्या मिलरच्या सूत्रात ही स्थिरता वेगाच्या घनमुळाने वाढते. वेग 5 टक्के वाढवला तरी स्थिरता दोन टक्केही वाढत नाही, चेंबरमधला (काडतूस बसतं त्या जागेतला) दाब मात्र धोक्याकडे जातो. ट्विस्टला वर्ग लागतो: 12 चा 9 केला की स्थिरता पावणेदोन पट.

या वजनाची मॅच (स्पर्धेची) गोळी साधारण 0.9 इंच लांब असते. 1:12 मध्ये तिच्या स्थिरतेचा आकडा 0.93 च्या आसपास येतो, म्हणजे 1 च्याही खाली, अस्थिर. 1:9 मध्ये 1.65. अचूक नेमबाजीला 1.5 तरी हवाच. निवड वजनावरून नाही, लांबीवरून करा; अख्ख्या तांब्याची गोळी त्याच वजनात लांब भरते.

बॅरलवरच्या शिक्क्यावर विसंबू नका. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, फिरत्या मुठीच्या क्लीनिंग रॉडवर घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) बसवा, खूण करून एक पूर्ण फेरा होईपर्यंत सरकवा आणि तेवढं अंतर मोजा. पॅच सैल असला तर खाचांवरून घसरतो आणि ट्विस्ट आहे त्यापेक्षा मंद दिसतो.

बॅरल बदलेपर्यंत 52-53 ग्रेनच्या, सपाट बुडाच्या आखूड गोळ्या वापरा.