व्हिडिओत टिपरू वाकडं दिसतं, लाइटचे पट्टे सरकतात. फोन बदलू का?

पंचवटीचा_ढोलकरी
ढोल-ताशा पथकाचा सराव गंगेवर (गोदेच्या काठी) चालू आहे, रील काढायचं काम माझ्या गळ्यात. ढोल वाजवायचं टिपरू जोरात फिरलं की व्हिडिओत मधूनच वाकतं. वर एलईडी फ्लडलाइट आहेत, त्याचे काळे पट्टे स्क्रीनभर सरकत राहतात, डोळ्याला मात्र काहीच दिसत नाही. त्याच फोनने फोटो काढला तर ठीक येतो. फोन ५० मेगापिक्सेलचा आहे. नाशिकच्या वाकडी बारववरून गणपतीची मिरवणूक निघायच्या आत काय ते सांगा.

लग्नाचं_शूटिंग_सिडको
पैसे खिशात ठेव भाऊ, नव्या फोनमध्येही हेच दिसेल.

कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा सेन्सर सगळं चित्र एकदम उचलत नाही. घंटागाडी गल्लीत एकेका दारापुढून जाते तसा तो ओळीओळीने वाचला जातो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जायला सेकंदाचा साधारण पन्नासावा-शंभरावा भाग लागतो, फोनप्रमाणे कमी-जास्त. तेवढ्यात टिपरू पुढे गेलेलं असतं. एक भाग आधीच्या जागी टिपला जातो, दुसरा नंतरच्या, आणि जोडून वाकडं दिसतं. याला रोलिंग शटर म्हणतात. ताशाची काडी खरंच लवते, तिचा दोष फोनला देऊ नको.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, म्हणून साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. फोनने स्वतःहून शटर, म्हणजे उजेड घ्यायचा वेळ, १/५०० सेकंद वगैरे लावलं की काही ओळींना उजेड सापडतो, काहींना नाही. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून टाक, मग प्रत्येक ओळीच्या वाट्याला सारखाच उजेड येतो. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ मिळत असेल तर तोच घे. ३० हा मुळात ६० हर्ट्झवाल्या अमेरिकेकडचा आकडा.

१/५० ला टिपरू पुसट येईल. येऊ दे. वाक त्यात लपतो, शिवाय हाताचा जोर पुसट टिपरातच दिसतो. लख्ख टिपलेलं टिपरू मला तरी मेलेलं वाटतं.

आणि एक, तुझे पट्टे उभे आहेत ना?

पंचवटीचा_ढोलकरी
हो! तुम्हाला कसं कळलं?

लग्नाचं_शूटिंग_सिडको
रील म्हणजे फोन उभा. सेन्सरच्या ओळी त्याच्या लांब बाजूने असतात, फोनबरोबर त्याही उभ्या होतात. आडवा धर, पट्टे आडवे पडतील.

फोटोचं म्हणशील तर तिथे फोनला सवड असते. पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन तो एक करतो. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं उरकायची, ती ४के असली तरी प्रत्येकी जेमतेम ८ मेगापिक्सेलची. तुझे ५० तिथे कामाचे नाहीत. आणि फोटोला तुम्ही पोरं टिपरू वर धरून पोझ देता, ते वाकेल कशाला?

गंगापूर_रोड_७७
मिरवणुकीत लाइट जनरेटरवर असतात, त्याचे हर्ट्झ पन्नासवर ठरत नाहीत. पट्टे पूर्ण जाणार नाहीत. एलईडी पडद्यासमोर तर शटर थोडं थोडं फिरवत बघायचं, कमीत कमी पट्टे दिसले की थांबायचं. आणि दिवसा १/५० ला सगळं पांढरंफटक होतं, बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) बदलता येत नाही. एनडी फिल्टरची, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या काचेची, क्लिप लाव.

दादा, सगळा सेन्सर एकदम वाचणारे कॅमेरे आलेत ना?

लग्नाचं_शूटिंग_सिडको
आलेत. फुल-फ्रेममध्ये ग्लोबल शटर पहिल्यांदा सोनीने २०२३ मध्ये अल्फा ९ थ्रीला दिलं. किंमत बघ आणि सांग, पथकाची वर्गणी किती वर्षं गोळा करायची.

पंचवटीचा_ढोलकरी
१/५० ला पट्टे गेले. पण गुलाल उधळला की चित्राचे चौकोन चौकोन होतात, ते?

लग्नाचं_शूटिंग_सिडको
फोन मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच साठवून जागा वाचवतो. गुलालात सगळंच बदलतं, मग डेटा पुरत नाही. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) वाढव, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठव.