मदत हवी आहे: लायसन्स चालू, विमानतळाचा बॅज संपला. हँगरपर्यंत जायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा नाशिकचा, नोकरी टेक्सासमध्ये. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलो त्याला चार महिने झाले, अजून गंगापूर रोडलाच आहे. तिकडे हौसेखातर प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलंय. आम्हा सहा जणांच्या क्लबचं एक जुनं सेसना १७२ आहे.

आधी विमान एका लहान विमानतळावर असायचं. फाटकाला कोड दाबला की आत, कुणी विचारायचं नाही. गेल्या वर्षी क्लबने ते एअरलाइनवाल्या मोठ्या विमानतळावर हलवलं आणि बॅजचं प्रकरण सुरू झालं. बोटांचे ठसे, गेल्या १० वर्षांत ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झाली होती का याची तपासणी, वर एक वर्ग आणि परीक्षा. त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या बॅजची मुदत व्हिसाच्या कागदांवर ठरली होती आणि ती मी इथे असताना संपली.

अमेरिकेत पायलटच्या लायसन्सला मात्र मुदत नसते. दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी केली की झालं. म्हणजे विमान चालवायला मी चालतो, विमानापर्यंत चालत जायला चालत नाही! गेटवर लायसन्स दाखवून उपयोग शून्य. त्यावर राईट बंधूंचे चेहरे आहेत, माझा नाही.

बाबा ओझरला मिगमधून, म्हणजे तिथल्या विमान कारखान्यातून, रिटायर झाले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पास नसेल तर सायकल वळवायची. त्यात विचारायचं काय?" त्यांचं बरोबर असेल, पण नवा बॅज होईपर्यंत काय करू?

एक युक्ती सुचली आहे. जवळच्या लहान विमानतळावरून मित्राच्या विमानातून उडायचं आणि आमच्याकडे उतरायचं. बाहेरून आलेल्या पायलटला बॅज लागत नाही म्हणतात. उतरलो की समोरच आमचं हँगर. पाहुण्याला ओसरी मोकळी आणि घरच्यांना कडी, असा प्रकार दिसतोय. चालेल का हे? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: उडता नाशिककर

युक्ती डोक्यातून काढ. टीएसएचा, म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळ-सुरक्षा खात्याचा, आदेश जून २००९ पासून लागू झाला, तेव्हा एअरलाइनवाल्या विमानतळांवर कायम विमान ठेवणाऱ्या पायलटांना बॅज आला. येऊन-जाऊन असणाऱ्यांना सूट मिळाली, पण ती तुझ्या कल्पनेपेक्षा बरीच तोकडी आहे. आपल्या विमानाजवळ थांबायचं, तिथून पेट्रोल-पार्किंग बघणाऱ्यांच्या ऑफिसात किंवा बाहेर पडायच्या गेटपर्यंत जायचं, बस. दुसऱ्याच्या रांगेतल्या हँगरकडे चालत गेलास तर बॅजवाला माणूस तुला अडवणारच. सिडा भागात, म्हणजे जिथे बॅज दिसेल असा लावावाच लागतो तिथे, बॅज नसलेल्याला हटकणं हे त्याचं कामच आहे. मी स्वतः एकाला हटकलंय, तो निघाला आमचाच खजिनदार. जॅकेटच्या आत बॅज! तिथे तो कमरेच्या वर, सगळ्यात बाहेरच्या कपड्यावर दिसायला लागतो.

असे आदेश गोपनीय वर्गात मोडतात, त्यामुळे पूर्ण मजकूर तुम्हाआम्हाला वाचायला मिळत नाही. म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. तुझ्या विमानतळाच्या बॅज ऑफिसचं म्हणणं तेच खरं.

प्रतिसाद: दोन पंख

सरळ रस्ता आहे की. सोबत घेऊन जायची परवानगी असलेला बॅजवाला तुला नेऊ शकतो. सगळ्याच बॅजना ती परवानगी नसते, आधी विचार. माझं ऐकशील तर हा सोबती म्हणून क्लबचा प्रशिक्षकच धर. तू चार महिने उडवलेलं नाहीस. प्रवासी बसवायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीत, ती तुझी गेलीच. एका फेरीत दोन्ही कामं होतील.

आणि मित्राच्या गाडीमागून फाटकातून सटकू नकोस. प्रत्येकाने फाटक बंद होईपर्यंत थांबायचं असतं. पकडलं तर त्याचाही बॅज जातो.

प्रतिसाद: उडता नाशिककर

+१. अर्जावर क्लबच्या अधिकृत सहीवाल्याची सही लागते, ती तू नाशिकहून आत्ताच मागवून ठेव. ठशांसाठी मात्र स्वतः जावं लागेल, अपॉइंटमेंट तेवढी आधी घे.

धागाकर्ता

दोघांचे आभार. युक्ती रद्द. क्लबच्या सेक्रेटरीला आत्ताच मेल टाकला, तिकडे सकाळ झाली असेल. प्रशिक्षकाचाही विचार पटला.

एक राहिलं. जुना बॅज माझ्याकडेच आहे, इथे आईच्या देवघराच्या खणात. कशाला जपायचा म्हणून टाकून देणार होतो.

प्रतिसाद: दोन पंख

अरे टाकू नकोस! मुदत संपलेले बॅज परत घेणं त्यांना बंधनकारक असतं. आमच्याकडे तर तो जमा केल्याशिवाय नव्याचं बोलतच नाहीत, हरवला म्हटलं की दंड. आजच पासपोर्टच्या पाकिटात ठेव.