ज्येष्ठांना आधी काय हवं: तिकिटात सवलत की चढता येईल अशी बस?

वर्तकनगरकर

ज्येष्ठांच्या प्रवासाचा विषय निघाला की आपल्याकडे सगळी चर्चा तिकिटावर येऊन थांबते. एसटीने २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास दिला. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहेच. चांगलंच झालं. पण म्हातारं माणूस रोज उठून साताऱ्या-कोल्हापूरला जात नाही. त्याला जायचं असतं ठाण्यातल्या ठाण्यात: बँकेत, दवाखान्यात, तलावपाळीवर फिरायला, बहिणीकडे. तिथे गाडं अडतं ते पायरीशी.

माझी आई ७८ वर्षांची. गुडघे कुरकुरतात, पण डोकं लख्ख आणि फिरायची भारी हौस. आमच्या स्टॉपला शेड आहे. शेडमध्ये दुचाक्या लावलेल्या, शेडपुढे रिक्षांची रांग. मग बस थांबते रस्त्याच्या मधोमध. लो-फ्लोअर बसची फरशी रस्त्यापासून साधारण ४०० मिलिमीटरवर असते. बस फुटपाथला लागून उभी राहिली तर छोटं पाऊल टाकून आत जाता येतं. रिक्षांच्या पलीकडे उभी राहिली की आधी फुटपाथवरून खाली उतरा, रिक्षांमधून वाट काढा, मग थेट रस्त्यावरून पाय उचला, आणि तोवर मागच्यांचे हॉर्न सुरू. आई दांडा धरते, एक पाय वर ठेवते आणि दुसरा उचलेपर्यंत गाडी हलते. गेल्या पावसाळ्यापासून तिने बस सोडली. आता संध्याकाळी मी घरी आलो की विचारते, "आज कोण कोण भेटलं रे तुला?"

म्हणून म्हणतो, सवलतीवर जाणारा पैसा आधी स्टॉप मोकळे करण्यावर, बाकड्यांवर आणि आतल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या छोट्या गाड्यांवर लावा.

वागळे इस्टेटचा

दादा, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं, पण तुमचं म्हणणं पटत नाही. सवलतीला हात लावू नका.

आमच्याकडे या, कंपन्या बंद पडून घरी बसलेले काका भेटतील. कंपनी कामगारांच्या ईपीएस-९५ योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला १००० रुपये आहे. गरीब ज्येष्ठांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत १५०० मिळतात. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये. रोज एकदा जाऊन-येऊन रिक्षा केली तर तीस दिवसांचे १५६० होतात. म्हणजे अख्खी श्रावणबाळ रिक्षात गेली, औषधं राहिली बाजूला.

आणि बायकांचं तर बोलूच नका. माझी मावशी मुलाकडे राहते. मुलगा चांगला आहे, पैसे मागितले तर देतो. पण मागताना "कशाला जायचंय?" हे ऐकावं लागतं. देवळात, मैत्रिणीकडे, भजनाला अशी कारणं सांगायची तिला लाज वाटते, म्हणून ती जातच नाही. तिकीट लागत नसेल तर कुणाला विचारायचाही प्रश्न येत नाही. पायरी उंच असली तर चार माणसं हात देतात. वीस रुपयांसाठी कुणापुढे हात पसरायचा?

घोडबंदर अप-डाउन

थोडं कटू बोलतो. सकाळी आठ ते दहा या वेळेत बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आम्हाला मस्टर गाठायचं असतं. ज्यांना वेळेचं बंधन नाही त्यांनी अकरानंतर प्रवास करावा. इंग्लंडमध्ये ज्येष्ठांचा बसपास कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतरच चालतो. आपल्याकडे तसं केलं तर त्यांना बसायला मिळेल आणि आम्हालाही त्रास नाही.

कळव्याची सिस्टर

सरकारी दवाखान्यात केसपेपरची खिडकी सकाळीच उघडते आणि दुपारच्या आत बंद होते. साखर तपासायला उपाशीपोटी बोलावतात. सत्तरीच्या आजीने अकराला घर सोडलं तर तिचा नंबर दुसऱ्या दिवशी. वेळेचं बंधन नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला?

इंग्लंडचं अर्धंच सांगितलंत. तिथला देशभर चालणारा मोफत पास एप्रिल २००८ पासून आहे, आणि त्यावर अभ्यासही झालेत. २०१८ च्या एका अभ्यासात असं दिसलं की पास मिळाल्यावर ज्येष्ठांचं बस वापरणं वाढलं आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. माणसं घराबाहेर पडली, चार जणांत मिसळली. ओपीडीत रोज पाहते ना मी. एकटीने बसने येणारी आजी बाकावर दोन ओळखी करून जाते. मुलगा गाडीतून आणून सोडतो ती आजी सगळा वेळ त्याच्या घड्याळाकडे बघत असते.

वर्तकनगरकर

सिस्टर, हेच तर म्हणतोय. पास मिळाल्यावर बसचा वापर वाढला, कारण तिथे बस फुटपाथला लागते. आपल्याकडे पास दिला आणि बस मधोमध थांबली तर तो पास पाकिटातच राहणार.

डेपोतला

मी वाहक आहे, आमच्याही बाजूने ऐका. स्टॉपला जागा नसते, वाहतूक पोलीस मागून हात करतो, फेरी उशिरा पोचली की पुढची फेरी रद्द, मग पुढच्या स्टॉपवरचे प्रवासी आमच्यावर खवळतात. आजी चढली का हे बघून घंटी द्यायची असते, मी देतो. पण पुढच्या दारातून माणसं उतरत असतात, मागून लोंढा चढतो, तिकिटं फाडायची असतात. प्रत्येक वेळी दिसत नाही.

पैशाचंही सांगतो. एसटीला सवलतीची भरपाई राज्य सरकार देतं. शहर बससेवा महापालिकेच्या अनुदानावर चालते. सवलत जाहीर करताना टाळ्या मिळतात, पण अनुदान त्या प्रमाणात वाढलं नाही तर कात्री फेऱ्यांना लागते, आणि ती दुपारच्या फेऱ्यांना आधी लागते. अकरानंतर या म्हणणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावं.

नेरूळ सेक्टर

लोकलचं कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. मध्य रेल्वेने २०२५ मध्ये एका लोकलचा मालडबा बदलून ज्येष्ठांसाठी डबा केला, माटुंग्याच्या कारखान्यात. मला आनंद झाला. मग आमच्या मासळीवाल्या मावशींशी बोलले. त्या पासष्टीच्या आहेत आणि पाटी घेऊन मालडब्यातूनच येतात. "मी म्हातारी नाही का गं? पाटी कुठे ठेवू?" म्हणाल्या. पाटीसकट ज्येष्ठ असलेल्यांचा विचार कुणी केला आहे का, एवढंच विचारायचं होतं.

वागळे इस्टेटचा

नेरूळच्या ताई, लाखातलं बोललात. काम करणारे म्हातारे कुणाच्या हिशेबातच नसतात.

वर्तकनगरकर

ताई, तुमच्या मावशींनाही आधी चढायला सोपी जागा लागेल, डबा कुठलाही द्या. मी माझ्या मतावर ठाम आहे. येत्या आठवड्यात आमच्या स्टॉपचे फोटो काढून प्रभाग समितीत निवेदन देतोय: शेडपुढची बसच्या लांबीएवढी जागा मोकळी ठेवा, पिवळे पट्टे मारा, दुचाक्या उचला. कुणी येणार असेल तर सांगा.

डेपोतला

सुट्टी असेल तर येतो. बस किती आत घ्यावी लागते ते मी दाखवतो, नाहीतर पट्टे भलतीकडेच मारतील.

वागळे इस्टेटचा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले पाच-सहा जण घेऊन मीही येतो. मात्र निवेदनात सवलत कमी करा असं एक अक्षर जरी असेल, तर आमच्यातला एकही सही करणार नाही.