मागचे शॉकअप घरीच बदलतोय, खालचा बोल्ट हलेना

मंडळी, मदत हवी आहे. गाडी २००९ ची. मागचा डावा शॉकअप (रस्त्याचे धक्के झेलणारा, आत तेल असलेला दांडा) तेल गळून पार ओला झालाय, गगनबावडा रस्त्याला मागं बसलेला नुसता उधळतोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं दोन्ही बाजूंचे नवे आणलेत (एकच बदलून भागत नाही, एवढं कळतंय). पण खालचा बोल्ट गंजून बुशात (बोल्टाभोवतीच्या रबर-धातूच्या नळीत) असा धरलाय की दोन दिवस तेल मारून, पान्याला पाइप लावूनही ढिम्म. आता डोकं गोल व्हायला लागलंय. तापवायची भीती वाटते, शॉकअपच्या आत तेल आहे. ग्राइंडरनं कापू का? आणि बोल्ट सुटल्यावर अ‍ॅक्सल (मागच्या चाकांचा आडवा दांडा) खाली येऊन ब्रेकचा होज (तेलाची नळी) ताणेल, म्हणून खाली दुसरा जॅक लावलाय. तेवढं पुरे ना? घरी कुणी केलंय का?