सॉलिड अॅक्सलला बैलगाडी म्हणणाऱ्यांसाठी

नट_बोल्ट: काल इथे एकाने लिहिलं, "सॉलिड अॅक्सल म्हणजे बैलगाडी, 2015 ला मस्टँगनेही सोडला, विषय संपला." वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: सॉलिड अॅक्सल म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच अखंड कण्याला जोडलेली, आणि आयआरएस म्हणजे मागचं प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होणारं सस्पेन्शन. विषय कुठे संपला? 2012 ची फोर्ड मस्टँग बॉस 302 आठवा, मागे सॉलिड अॅक्सल आणि पॅनहार्ड रॉड (कणा आडवा सरकू न देणारा दांडा), तरी ट्रॅकवर भल्याभल्या आयआरएसवाल्यांना घाम फोडायची. बॉडी कलली तरी मागचे दोन्ही टायर रस्त्याला सपाट चिकटून राहतात, आयआरएसला तेच साधायला आर्म्सची (चाक धरणाऱ्या दांड्यांची) लांबी आणि कोन जुळवत बसावं लागतं. आणि 2015 नंतरही फोर्डने ड्रॅगसाठी (सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीसाठी) मस्टँग कोब्रा जेट बनवली तेव्हा मागे काय लावलं? सॉलिड अॅक्सलच.

आडवी_गाडी: सपाट रस्त्यावर तुझं सगळं बरोबर. पण कॉर्नरच्या मध्यात एका चाकाखाली उंचवटा आला की दुसरं चाकही तिरकं होतं त्याचं काय? डिफ (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा), कण्याच्या नळ्या, सगळं लोखंड चाकांबरोबर उड्या मारतं. मी सॉलिड अॅक्सलची गाडी सहा वर्षं वापरली. रोजच्या एका वळणावर डांबराचा जोड होता, तिथे वेगात गेलो की मागचा भाग वीतभर बाहेर सरकायचा, आणि दर वेळी पोटात गोळा यायचा. आयआरएसची गाडी घेतली, त्याच वळणावर त्याच वेगात नुसता "टप" असा आवाज. मला अजून पुरावा नको. शेव्हरलेच्या कॉर्व्हेटला हे 1963 पासून कळलंय.

नट_बोल्ट: 1963 काढतोस तर 1960 पण काढ. शेव्हरलेच्याच कॉर्व्हेअरला मागे आयआरएसच होतं की, स्विंग अॅक्सल, म्हणजे चाक आणि त्याचा शाफ्ट मिळून डिफपाशी झुलणारे. जोरात वळवली की बाहेरचं चाक पोटाखाली दुमडायला बघायचं. 1965 ला डिझाइन बदलावं लागलं. नुसतं इंडिपेंडंट असून भागत नाही.

आडवी_गाडी: साठ वर्षांपूर्वीचं स्विंग अॅक्सल आणि आजचं मल्टीलिंक (प्रत्येक चाकाला अनेक दांड्यांनी धरणारं आयआरएस) एका तागडीत घालतोस? मग बोलायलाच नको.

काळे_हात: तुम्ही दोघं कॉर्नरवरच अडकलाय, सुटताना काय होतं ते कुणी बोलत नाही. माझ्या आयआरएसच्या गाडीचा ड्रॅग स्ट्रिपवर हाफशाफ्ट (डिफपासून चाकाला ताकद नेणारा दांडा) तुटला. क्लच सोडला, मागून धाडधाड व्हील हॉप (चाकं पकड सोडून-धरून उड्या मारणं) सुरू, मी मूर्खासारखा पाय उचलला नाही, आणि एकदम टाळी वाजल्यासारखा आवाज. खाली वाकून बघतो तर शाफ्टचा तुकडा लोंबतोय, तुटलेलं टोक पीळ बसून जिलबीसारखं झालेलं. त्यानंतर डिफचे सगळे बुश (जोडांतल्या रबरी गाद्या) काढून पॉलीचे, म्हणजे कडक पॉलियुरेथेनचे टाकले, हॉप गेला.

तिसरा_गिअर: आणि केबिनमध्ये डिफची किरकिर सुरू झाली असेल. पॉली बुशचं हे वेड कुणी पसरवलंय देव जाणे. जिथे आर्म दोन दिशांना हलायला हवा तिथे पॉली टाकला की तो अडकतो, सस्पेन्शन मोकळं चालतच नाही. मी टाकले, आठ महिन्यांत काढले.

काळे_हात: मी डिफचे म्हटलं, आर्मचे नाही! नीट वाचून उत्तर दे.

तिसरा_गिअर: वाचलंय. डिफ घट्ट केला की झटका पुढे सबफ्रेमच्या (डिफ ज्यावर बसतो त्या चौकटीच्या) बुशवर जातो, मग तेही बदला, मग आवाज आणखी वाढला म्हणून रडा. हॉपवर इलाज करायचा तर 2009 च्या कॅडिलॅक सीटीएस-व्ही सारखा. एक हाफशाफ्ट जाड, एक बारीक, दोन्ही एका लयीत पीळ खाऊन सुटत नाहीत म्हणून हॉप वाढतच नाही. ह्याला डोकं म्हणतात.

काळे_हात: ते कारखान्यात होतं. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस, नवीन शाफ्ट डिझाइन करत बसला असतास? बुश बदलून मी दोन सीझन गाडी पळवली, एकही शाफ्ट तुटला नाही. तुझी किरकिर तुझ्यापाशी ठेव.

नट_बोल्ट: बुशवर वेगळा धागा काढा रे. मुद्दा हाच, सॉलिड अॅक्सलला हाफशाफ्ट आणि सीव्ही जॉइंट (हाफशाफ्टच्या टोकांचे वाकणारे सांधे) हे प्रकरणच नाही.

तिसरा_गिअर: हॉप सॉलिड अॅक्सललाही होतो, लीफ स्प्रिंगवाल्यांना (पट्ट्यांची स्प्रिंग असणाऱ्यांना) ट्रॅक्शन बार, म्हणजे कण्याला पीळ खाऊ न देणारे दांडे, का लावावे लागतात? शिवाय प्रॉपेलर शाफ्टचा (पुढच्या इंजिनाची ताकद मागे आणणाऱ्या दांड्याचा) पीळ अख्ख्या अॅक्सलला फिरवायला बघतो, उजवं चाक हलकं होतं आणि तेच आधी घसरतं. ड्रॅगवाले उजव्या स्प्रिंगमध्ये एअरबॅग (ती बाजू दाबून धरणारी हवेची पिशवी) उगाच घालत नाहीत. आयआरएसमध्ये डिफ बॉडीलाच बांधलेला, तो पीळ चाकांपर्यंत पोचतच नाही.

नट_बोल्ट: हे मान्य. एअरबॅग मीही घातलीय, आणि का घातली हे इथे लिहिताना जड जातंय.

आडवी_गाडी: चला, एक तरी मान्य झालं. 2022 ला नॅस्कारनेही (अमेरिकेतल्या मोटार शर्यतींनी) आयआरएस घेतलं, तेही कर मान्य.

नट_बोल्ट: घेतलं, पण त्याआधी कित्येक दशकं ताशी 300 किमीच्या वर सॉलिड अॅक्सलवरच पळत होते ना? बैलगाडी हा शब्द मागे घे, मग खडबडीत रस्त्यासाठी तुझं आयआरएस मान्य करतो.

आडवी_गाडी: तो शब्द मी लिहिलाच नव्हता. पण ड्रॅग स्ट्रिपवर सॉलिड अॅक्सल, हे देतो तुला. त्या डांबराच्या जोडावर मात्र नाही, कधीच नाही.

काळे_हात: तिसरा_गिअर, तू पॉली कुठल्या बुशच्या जागी टाकले होतेस ते अजून सांगितलं नाहीस.